सुजलेली फुलं

४ मार्च
खुब्याच्या ऑपरेशननंतर काका वरच्या खोलीत अडकले, म्हणून परसबाग माझ्याकडे आली. भोपळ्याचं त्यांचं हे जुनं वाण. शेवटच्या बियांतून हा एकच वेल जगला. यंदा फळ धरलं नाही तर वाण संपलं. म्हणाले, बाळ, तिथे मधमाश्या येतील एवढं बघ. मला मुळाक्षरं काकांनीच घरी शिकवली, त्यांना नाही कसं म्हणणार? शिवाय मी मधमाश्यांना घाबरत नाही. फक्त त्यांचा आवाज, उडणं आणि मागची बाजू आवडत नाही.

७ मार्च
फुललेली रोपं आणून लावली : कॉसमॉस, बडीशेप, सूर्यफूल. फवारणी बंद. ताटलीत पाणी आणि खडे ठेवले, म्हणजे पिताना कुणी बुडणार नाही. ताटली लांब, फाटकाशी ठेवली. मधमाश्यांना एकांत लागतो. काकू म्हणाली, पाहुण्यांना फाटकातच पाणी पाजून वाटेला लावतेस होय गं?

१९ मार्च, सकाळ
वेलाला फुलं आली. एक मधमाशीही आली. मी शांतपणे घरात आले. चपला बागेतच राहिल्या.

२० मार्च
चपला अजून तिथेच. खाऊ देत ऊन.

२३ मार्च
निश्चय : रोज वेलाजवळ जायचं. आज रेनकोट, हातमोजे, हेल्मेट घालून गेले. निव्वळ काकूच्या समाधानासाठी. काकू म्हणाली, भोपळ्याकडे चाललीस की चंद्रावर? काचेवर वाफ धरली. मधमाशी दिसली नाही, म्हणजे नव्हतीच.

२५ मार्च
भयंकर. एका फुलाखाली टम्म गाठ! मधमाशीने फुलालाच डंख मारला. मग माणसाचं काय? धावत घरात आले. उपाशी होते म्हणून असेल. विष वेलात उतरू नये म्हणून संध्याकाळी, सगळ्या मधमाश्या गेल्यावर, फूल छाटून पुरलं. काकांना सांगितलं नाही. आजारी माणसाला धक्का नको.

२ एप्रिल
साथच आली. रोज नवी सुजलेली फुलं, रोज कात्री. काकांनी वरून विचारलं, धरलं का गं काही? म्हटलं, वेल पूर्णपणे माझ्या देखरेखीखाली आहे. ते निर्धास्त झाले. मला जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
मधमाश्या भरपूर, श्रेय माझं. फळ एकही नाही, आळस त्यांचा. काका म्हणाले, राहू दे, वेलही थकला असेल माझ्यासारखा. उद्यापासून दोनदा छाटणी.

१४ एप्रिल
काका काठी टेकत खाली आले. मी हेल्मेट घालून, हातात कात्री घेऊन वेलापाशीच होते. अभिमानाने सांगितलं, एवढं एक सुजलेलं राहिलंय, आता छाटते. काकांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, बाळ, ही सूज नाही, हा भोपळा आहे. खाली गाठ असते त्याच फुलाला फळ धरतं. असली किती छाटलीस? मी हेल्मेटची काच खाली ओढली.

१५ एप्रिल
काका सकाळपासून त्या एका गाठीशेजारी खुर्ची टाकून बसलेत. मधमाश्या कानाशी घोंघावतात, ते हलत नाहीत. मी चहा घेऊन गेले. हेल्मेट न घालता गेले. थेट खुर्चीपर्यंत पोचले. कप पुढे केला. काकांनी घेतला नाही. म्हणाले, आधी दुसरा हात दाखव.