केदारखेड्यापर्यंतचं पेट्रोल

उस्ताद, त्या ओव्हरड्राइव्हबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्ही गेलात तेव्हा माझा एक केससुद्धा पांढरा नव्हता; आता तुमच्या तेव्हाच्या वयाच्याही मी पुष्कळ पुढं आलोय, गुडघे कुरकुरतात. तरी जुन्या जालन्यात तुमच्या मोटारदुरुस्तीच्या शेडच्या जागेवरून जायची वेळ आली की मी पलीकडच्या गल्लीनं वळतो. तिथं आता कापडाचं दुकान आहे. कापडाच्या दुकानाला कशाला भ्यायचं? पण भितो.

तेव्हा निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी मिठाच्या व्यापाऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर, दोन लेकरांचा बाप, आणि गाडी बिघडली की तुमच्याजवळ पाने घेऊन बसणारा. जालन्याहून मीठ न्यायचं, पिंपळगाव रेणुकाईहून मिरची आणायची. वाटेत पेट्रोल संपलं तर बैलगाडीवाल्यांच्या हातापाया पडायचं. सेठ वैतागले होते. "ही गाडी हाय का दारुडा? किती बी पाजा, कमीच!" तुम्ही हसला नाहीत. लिलावात आलेल्या एका मोडक्या मोटारीतून तुम्ही एक छोटी गिअरपेटी, हीच ती ओव्हरड्राइव्ह, काढून आणलीत आणि म्हणालात, ही आपल्या गाडीच्या गिअरबॉक्समागं बसवायची. मला काही उमजेना. मंग तुम्ही मला घरात नेलंत, चाचींच्या शिलाई मशीनपुढं बसवलंत आणि खालचं मोठं चाक हातानं एकदा फिरवलंत. वरचं लहान चाक गरगर फिरलं. "देख, बडा एक बार घूमा, छोटा कितने बार? बस. इंजिन आराम से घूमेगा, गाडी बराबर दौडेगी. पेट्रोल कायकू जलेगा फिर?" चुलीपाशी भाकरी थापत बसलेल्या चाची तिथूनच ओरडल्या, "तेल के हातां मशीन कू नक्को लगाओ जी! ईद के कपडे सीना है मेरेकू." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मैं भी सी रऊं. इसकी खोपडी कू अस्तर लगारऊं."

ती पेटी बसवायला तीन आठवडे गेले. मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा कापून आखूड करावा लागला. दोनदा तो असा थरथरला की माझे दात वाजले, आणि दोनदा तुम्ही तो उतरवलात. बाजारात लोक म्हणायचे, उस्ताद गाडीला शेपूट लावून राह्यले. ते तुमच्या कानावर जात होतं. सेठ शेवटी म्हणाले, "दोन गॅलनमध्ये ही केदारखेड्याच्या दोन मैल अलीकडं बंद पडते, हे आपण पाहेलं हाय. तेवढ्याच मिठावर, तेवढ्याच पेट्रोलवर केदारखेडं गाठलं तर मी मानीन. न्हाई तर हे लोखंड काढा, मी गाडी औरंगाबादला दुसऱ्या मिस्त्रीकडं टाकतो." तुम्ही "बिलकुल" म्हणालात आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून उठलात. इतक्या वर्षांत तुम्ही चहा टाकलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आणि सेठ प्रवासी सर्व्हिस मोटारीनं पुढं गेलात. मी एकटा मागून मीठ भरून निघालो. टाकी कोरडी केलेली, तुमच्या हातानं मोजून ओतलेलं दोन गॅलन पेट्रोल. सरळ रस्त्यावर तुमच्या त्या पेटीचा खटका ओढला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, जसं भांडणाऱ्या माणसानं पाणी प्यावं. पण वाटेत राजूरला थांबून मी टाकीत काडी बुडवली. निम्म्याहून बरंच कमी राहिलं होतं. तिथवरच्या चढानं ते खाल्लंय, पुढं उतार आहे, हा हिशोब तुम्ही चुटकीसरशी केला असता. मला दिसत होती ती तुमची मान, सेठसमोर खाली गेलेली. मी काय केलं सांगू? नदीकडच्या प्रत्येक उतारावर इंजिन बंद केलं, गिअर काढला आणि गाडी नुसती सोडून दिली. मध्ये बैलगाड्या आडव्या, मिठाचं ओझं मागून रेटतंय, आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभा.

केदारखेडं आलं. सेठनी तुम्हाला मिठीच मारली. "मानलं उस्ताद! आता माझ्या मेव्हण्याच्या गाडीला बी बसवा." तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, मागच्या चाकापाशी वाकून आत हात लावलात आणि झटकन मागं घेतलात. मंग माझ्याकडं पाहिलंत. रागानं पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. "ब्रेक बहोत गरम है," एवढंच म्हणालात, आणि सेठकडं वळून, "नै सेठ. एकीच बस है." त्यानंतर जाफराबादेहून एक जण खास त्यासाठी आला, त्यालाही तुम्ही परत पाठवलंत. "वो तो खिलौना था," म्हणालात. मी तिथंच बसून नट धूत होतो.

आता जे राहिलं ते. महिनाभरानं मला राहवेना. तेवढंच मीठ, तेवढंच पेट्रोल, आणि शपथ घालून घेतली की इंजिन बंद करायचं नाही. उस्ताद, गाडी केदारखेड्याच्या पुढं गेली. चांगली मैलभर पुढं जाऊन मगच आचके देऊन थांबली. एवढं पळायला तिला माझ्या लबाडीची काहीच गरज नव्हती. मी रस्त्याच्या कडेला बसून हसलो आणि मंग रडलो. तुमचं काम खरं आहे हे सांगायचं, तर मी खोटा होतो हे आधी कबूल करावं लागणार. उद्या सांगू, परवा सांगू करत दोन उन्हाळे गेले, आणि तिसऱ्यात तुम्ही नव्हता. आपलं यंत्र फसलं असं समजूनच तुम्ही गेलात.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. तुम्ही हयात असता तरी हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं. आणि तुम्ही वाचायचात ती उर्दू मला चांगली लिहिता येते, उस्ताद. तरी मी मराठीतच लिहिलंय.