न अडखळता

प्रिय बाबा, नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. मुलाखत उद्या आहे. कपड्यांना इस्त्री केली, कागद फाइलमध्ये लावले.

खोलीतली मैत्रीण साहेब होऊन खुर्चीत बसते आणि विचारते, "मधली दोन वर्षं नोकरी का केली नाही?"

"आई आजारी होती. ती जाईपर्यंत तिच्याजवळ होते," एवढंच सांगायचं, पण दरवेळी मध्येच अडखळून रडायचे.

"अगं, रडूबाईला कोण नोकरी देईल?" ती म्हणाली. मग आठवडाभर तालीम केली.

आज पहिल्यांदा न अडखळता सांगितलं. तिने टाळ्या वाजवल्या. मला मात्र दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल बोलल्यासारखं वाटलं.

रक्तदाबाची गोळी घेता ना? आणि बाबा, आईबद्दल कुणी विचारलं तर तुम्ही कसं सांगता?

तुमची,
धाकटी