सहा एकतीसचा धूमकेतू

९ जानेवारी, रात्री ८.१५
गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आज वाद पेटला. कट्ट्यासमोरच्या उदयसिंहाच्या बिल्डिंगच्या बरोब्बर वर, आभाळात एक तांबूस प्रकाश. जागचा हलत नाही. उदयसिंह म्हणाला, ड्रोन हाय. पिराजी म्हशीची धार काढता काढता म्हणाला, जोतिबाच्या डोंगरावरनं कायतरी निघालंय. मी म्हणालो, अभ्यास करावा लागेल. सगळे माझ्याकडं बघायला लागले.
बत्तीस वर्षं हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या. पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळे मला मामा म्हणायचे. आज पिराजी म्हणाला, सांगा की सर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सर म्हणालं. लई बरं वाटलं. दुधाचा दुसरा ग्लास घेतला.
संकल्प : उद्यापासून आपल्या गच्चीवरून शास्त्रशुद्ध निरीक्षण. दुसरा ग्लास बंद.

१० जानेवारी
गुडघा दुखतोय. गच्ची रद्द.
घराच्या दारातून पाहिलं. काहीच दिसत नाही. म्हणजे वस्तू ठरावीक कोनातूनच दिसते. महत्त्वाचा मुद्दा.
सौ. म्हणाली, वर बघतायसाच तर गच्चीवरचा दिवाळीचा आकाशकंदील तेवढा उतरवा, तुळशीचं लग्न होऊन दोन महिने झाले. इथं माणूस विश्वाचा विचार करतोय आणि हिचं आपलं कंदील.

१२ जानेवारी
प्रकाश आज ६.३१ ला उगवला. परवा कट्ट्यावरून ६.३० ला दिसला होता. मावळताना खाली येत नाही, साडेनऊला जागीच विझतो (पिराजीकडून माहिती). उगवायची वेळ पुढं सरकते म्हणजे ग्रहांसारखी चाल. ड्रोनला असली शिस्त नसते, हे उदयसिंहाला ऐकवलं. तो म्हणाला, बॅटरीवर चालत असंल कायतरी. काय अडाणी माणूस हाय.
दोन ग्लास. थंडी होती.

१५ जानेवारी
शेपूट दिसलं! एक नव्हे, तीन-चार. वाऱ्यावर हलतात. धूमकेतूच. कट्ट्यावर जाहीर करून टाकलं.
उदयसिंहानं पैज लावली. मी बरोबर निघालो तर तो स्वतःच्या हातानं मला फेटा बांधणार आणि जन्मभर सर म्हणणार. चुकलो तर कट्ट्यावर पुन्हा मामा. मी लगेच हात पुढं केला. अभ्यास असला की माणूस घाबरत नाही.
घरी तीच रेकॉर्ड. कंदिलाच्या झिरमिळ्या फाटून लोंबायल्यात, शेजारणी हसतात. मी समजावलं. वीस फुटी बांबू आणि कप्पी मीच बसवलीय, पार कट्ट्यापर्यंत दिसावा म्हणून. त्यात सोलर. अंधारलं की आपोआप लागतो, वीजबिल शून्य. कुणाचं काय खातोय बिचारा? ती कपाळाला हात लावून आत गेली. पटलं असावं.

१९ जानेवारी
दिवसभर ढगाळ. प्रकाश तब्बल दहा मिनिटं लवकर उगवला आणि आठच्या आत विझला. ढगाळ हवेत धूमकेतू लवकर उगवतो, हे कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणजे हा शोध माझा.
काल रविवार होता. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर जिना चढवत नाही. गच्ची उद्या.

२२ जानेवारी
गल्लीतल्या तालीम मंडळानं रविवारी माझं व्याख्यान ठेवलंय, संध्याकाळी साडेसहाला, कट्ट्यासमोर. फळ्यावर लिहिलंय : ‘बाळासो सर – आमचा धूमकेतू’. तीन वेळा जाऊन वाचलं. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, रविवारी रथसप्तमी, हळदीकुंकवाला बायका येणार, मला जमायचं न्हाय. शिवाय त्यांच्यासमोर ती लक्तरं नकोत, तुम्ही उतरवला न्हाईसा तर मीच उतरवीन. बरं म्हणालो. भाषण पाठ करत होतो.

२५ जानेवारी, रात्री ८
आज लिहायची इच्छा नाही. तरी नोंद म्हणून.
साठेक माणसं. ६.३९ ला प्रकाश उगवला, मी सांगितलेल्या वेळेला. टाळ्या. उदयसिंह फेटा हातात घेऊन उभा. मी म्हणालो, मंडळी, ही वस्तू आपल्यापासून कोट्यवधी किलोमीटरवर आहे.
तेवढ्यात वस्तू खाली यायला लागली. सरळ खाली. झटके देत. मी म्हणालो, घाबरू नका, कक्षा बदलतेय. ती उदयसिंहाच्या टाकीमागं गेली आणि दिसेनाशी झाली.
चित्रं दाखवताना संगीत लावायचं म्हणून माझा मोबाईल तालमीच्या स्पीकरला जोडला होता. फोन आला, घाईत उचलला. सौ.चा आवाज सगळ्या गंगावेशीत घुमला. अहो, कंदील उतरवला, दोन मिनिटांचं काम होतं. आता हा ठेवू कुठं?
आधी पिराजी हसला. मग म्हणे म्हशीसुद्धा हसल्या. फेट्याचं काय झालं ते पाहायला मी थांबलो नाही.

२८ जानेवारी
दोन दिवस कट्ट्यावर जाणं बंद. दूध घरीच. त्याला चव नाही.
आज मन घट्ट करून गेलो. मामा म्हणवून घ्यायची तयारी ठेवली होती. पैज ती पैज. उदयसिंह उठला, स्वतःची खुर्ची मला दिली आणि ओरडून पिराजीला म्हणाला, कंदील सरांना दूध आण.
सगळा कट्टा आता तेच म्हणतोय. पण सर म्हणतात, हे नोंदवून ठेवतो.
संकल्प : पुढच्या दिवाळीला तीस फुटी बांबू. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.