पाण्याचा नंबर

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
९ जानेवारी २००४

प्रिय शांता,

घोलवडहून तू पाठवलेली करंडी काल संध्याकाळी मिळाली. बेचाळीस चिकू निघाले, चार दबलेले. ते रात्रीच संपवले. कडव्या वालांची पुरचुंडी अर्ध्या किलोच्या वरच असेल. कंडक्टरला चहापाण्याचे दहा, डेपोपासून रिक्षाचे बारा. रिक्षा मी केली नसती, पण हे म्हणाले, बावीस रुपयांत कुणाची माया घरी येत असेल तर महाग नाही. करंडीत जवळा घातला नव्हतास. माझं सोवळं अजून लक्षात ठेवलंस, हसूही आलं आणि बरंही वाटलं.

तुझा गुडघा कसा आहे? लेकीकडे, अक्षदाकडे राहायला गेलीस ते बरंच झालं, वाडीची हवा मानवेल. इकडे सगळं ठीक. आमचा जितेंद्र कामाला लागला, पगार बेताचा आहे पण वेळेवर होतो. चाळीच्या जागी बिल्डिंग झाली ती तू पाहिलीसच, पण आता रोज सकाळी पाऊण तास नळाला पाणी येतं. नळ वाजला की मी अजून हातातलं टाकून धावते. हे म्हणतात, अगं, आता कुणी पुढे घुसत नाही, सावकाश भर. असं म्हणाले की मी तोंड फिरवून हंडा घासायला घेते. का, ते यांना ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे.

आपले टँकरचे दिवस आठवतात ना? टँकर यायचा चारला, पण दिवसभर कोण उभं राहणार, म्हणून आपल्या जागी हंडे उभे राहायचे. सकाळी हंडा रांगेत ठेवायचा आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं. हंडा आहे म्हणजे बाई आहे. एका हंड्यामागे तीन भांडी भरायची. आपण काही गरीब गाई नव्हतो. मुलांवरून, कपड्यांच्या दोरीवरून एकमेकींची सात कुळं काढायचो. पण दुसरीचा हंडा कुणी हलवत नव्हतं. हा नियम कुणी केला, कधी केला, देव जाणे. सगळ्या पाळायच्या म्हणून जी ती पाळायची. मीही पाळायचे आणि स्वतःला मोठी पापभीरू समजायचे. तुझ्या कळशीला मासळीचा हात लागलेला म्हणून माझा हंडा वीतभर अंतर सोडून ठेवायचे. तू ते बघायचीस.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात सासूबाईंचं वर्षश्राद्ध होतं. भटजी येणार, सोवळ्याचा स्वयंपाक, आणि नेमका आदल्या दिवशी मला रांगेत जायला उशीर झाला. माझा हंडा एकोणिसावा लागला. टँकर पंधरा-सोळा नंबरांना पुरायचा. दुपारी दोनला बाहेर आले तर सगळ्यांची दारं लोटलेली, चिटपाखरू नव्हतं. मी मनाशी म्हटलं, देवाधर्माचं पाणी आहे, माझ्यासाठी थोडंच मागते आहे? अकराव्या जागी आशालताची कळशी होती. ती उचलून मी शेवटी नेऊन ठेवली आणि तिच्या जागी माझा हंडा ठेवला. यांचं नाव घातलेला, लग्नातला. वर पाहिलं तर तू दारात सूप घेऊन जवळा निवडत बसलेली. आपली नजरानजर झाली. मग तू मान खाली घातलीस आणि निवडत राहिलीस.

टँकर सोळाव्या हंड्यावर संपला. आशालता रिकामी कळशी घेऊन उभी राहिली. तिची पिंकी बाळंतपणाला आलेली, घरात बारा दिवसांचं पोर. ती भांडली असती तर मला सोपं झालं असतं. पण ती स्वतःलाच बोल लावत होती. पिंकीच्या मागे रात्र रात्र जागून माझं डोकं ठिकाणावर नाही, कळशी कुठे ठेवली तेही आठवत नाही, असं म्हणत होती. तू तुझ्या तीन भांड्यांतली दोन उचललीस आणि तिच्या दारात नेऊन ओतलीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात मी श्राद्धाची खीर केली. भटजी तृप्त होऊन गेले. मी संध्याकाळी माळ घेऊन बसले, तर मणी पुढे सरकेना.

पण तेवढ्यावर कुठे थांबलं? आशालताला आठवेना, तरी बाकीच्यांना वास लागला की कळशी आपोआप चालत गेली नाही; माझ्यासारख्या देवभोळीवर संशय मात्र कुणी घेतला नाही. पुढच्या टँकरला कुणी हंडा काथ्याच्या दोरीने खांबाला बांधला, कुणी सासूला खुर्ची टाकून बसवलं. महिन्याभरात निम्म्या बायका उन्हात आपापल्या हंड्याशेजारी उभ्या. रमेशच्या आईने तर पाठ वळताच दोघींचे हंडे मागे ढकलले आणि वर विचारलं, सगळ्याच करतात, मी केलं तर काय झालं? मी एकदा हात घातला आणि सगळ्या चाळीचा हात सुटला. हे मी तेव्हाही ओळखलं होतं, शांता. तोंड उघडलं नाही, एवढंच.

मग मारुतीच्या देवळासमोर सगळ्या जमल्या, नंबर कुणीतरी लिहायचे असं ठरलं. कुणी लिहायचे यावरून अर्धा तास कलकलाट. तू मागे उभी होतीस. तू म्हणालीस, "पान्याचा नंबर विनयावहिनी लिवील. तिला लिवता येतं, आनि ती कुनाचा पुढचा हंडा मागं करनार नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आशालता तर म्हणाली, हो बाई, त्या देवभोळ्या आहेत. तो टोमणा होता की भरवसा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही. कधी वाटतं, दोन्ही असेल. घरी येऊन जमाखर्चाच्या वहीची मागची पानं फाडली आणि नंबर लिहायला घेतले.

सात वर्षं लिहिले. पहिले काही महिने केवळ तुझ्या धाकाने सरळ वागले, खोटं कशाला सांगू? तू काही केलं नाहीस, फक्त रांगेत असायचीस. पुढे पुढे सगळ्यांचा धाक वाटू लागला, कारण सगळ्या म्हणायच्या, विनयावहिनींच्या वहीत आहे ना, मग विषय संपला. जितेंद्रला टायफॉइड झाला तेव्हा माझा नंबर बाविसावा होता. वही माझीच, पेन माझंच, आणि हात काही पुढे झाला नाही. त्या दिवशी मात्र मला जाणवलं की मी तुला भिऊन थांबले नव्हते. घरी आले तर दारात एक भरलेली कळशी होती. कुणाची ते तू कबूल केलं नाहीस, पण तिला मासळीचा वास होता. त्या पाण्याने मी पोराचं अंग पुसलं आणि देवाला नमस्कार करताना आधी तुझं नाव आलं. काथ्याच्या दोऱ्या केव्हाच सुटल्या होत्या, सासवाही घरात गेल्या. हंडे पुन्हा एकटे उभे राहू लागले.

माझा चांगुलपणा मी देवळातून आणला असं लोकांना वाटतं. तो तू माझ्या अंगावर घातलास. आधी ढगळ होता, घालून घालून मापाचा झाला. चारचौघींत माझं नाव घेतलं असतंस तर मी निगरगट्ट झाले असते, माझी मला खात्री आहे. तुझे हे उपकार कुठल्या वहीत मावणारे नाहीत.

आता मुद्द्याचं. सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आहे. त्या वेळी पाण्याचे नंबर सात वर्षं चोख ठेवले म्हणून माझा सत्कार करायचा ठरलाय, आणि शाल आशालताच्या हातून. तिनेच हट्ट धरला. तिच्या हातून ती शाल मला घेववणार नाही. म्हणून पूजेच्या आधी मी तिच्या घरी जाऊन कळशीचं सगळं सांगणार आहे. मग ती शाल देवो की दारातून घालवो. ते ठरलं, त्याला तुझी परवानगी मागत नाही. पण ती विचारणार, कुणी पाहिलं होतं का? तुझं नाव सांगितलं तर, शांता माहीत असून गप्प राहिली, असं तिच्या मनात येईल, आणि तुमची वीस वर्षांची मैत्री आहे. न सांगितलं तर तिच्याशी पुन्हा एक लपवाछपवी. हे मी एकटीने ठरवायचं नाही. तुझं नाव घेऊ की नको, एवढंच उलट टपाली कळव. सोबत पत्ता घातलेलं आंतरदेशीय पत्र ठेवलं आहे. पोस्टकार्डावर लिहू नकोस, ते चार जण वाचतात. वीस तारखेपर्यंत वाट पाहते.

तुझीच,
विनया