किटलीतलं दूध

सांगली, १३ फेब्रुवारी १९७५

यांच्या फुफ्फुसात कच्च्या दुधातला जंतू गेलाय म्हणे. असं क्वचितच होतं, पण मधुमेहानं अंग आधीच पोखरलेलं. महिनाभर कुंडलला थोरल्या भाऊजींकडे हवापालटाला होते, रोज धारोष्ण दूध.

आज भाऊजी त्याच म्हशीच्या दुधाची किटली घेऊन दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले होते, हा जंतू असला की जनावर गाभ टाकतं. म्हणून मी विचारलं, म्हशीनं गाभ टाकला होता का?

"व्हय, दिवाळीत."

तुमची पोरंही हेच दूध पितात?

"न्हाई, त्यास्नी दुसरीचं देतो."

इतकं सहज. म्हणजे माहीत होतं. आणि माझ्या माणसाला हे?

सोडू त्यांना? का सोडू?

किटली ठेवून घेतली. घरी आल्यावर दूध न तापवताच विरजण लावलं. उद्या भाऊजी जेवायला आहेत. ताक त्यांना लय आवडतं.