उरलेलं ऊन, राखलेलं ऊन

प्रिय टिल्ल्या,

सहा फुटी माणसाला या नावाने हाक मारू नये हे मला कळतं, म्हणून पाकिटावर तुझं खरं नाव घातलं आहे. आत काय लिहायचं ते माझं मी ठरवणार. फोन करता आला असता, पण अवघड काही आलं की मी ‘बरं, ठेवते’ म्हणून फोन ठेवते, हे तुलाही ठाऊक आहे. शिवाय जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं माझ्या तोंडून गेली. स्वतःचं एखादं जुळवायचं म्हटलं की वेळ लागतो, आणि सध्या तर डोक्यात नुसता गुंता झाला आहे. तेव्हा सावकाश वाच, आणि मध्येच शेवटच्या पानावर उडी मारू नकोस.

बातमी तू वाचली असशीलच. वाळवंटातल्या उन्हाची वीज दोन देश ओलांडून, समुद्राखालून आपल्यापर्यंत येणार. सह्या झाल्या, हस्तांदोलनं झाली. फोटोत मागे काचेची एक खोली दिसते, तिच्यात हेडफोन लावलेली अर्धी बाई दिसते, ती मी. बाकीची अर्धी तिकडच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंच्या डोक्यामागे गेली. कल्पना तशी सोपी आहे. आपल्याकडे संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात तेव्हा तिकडे पश्चिमेला अजून टळटळीत ऊन असतं. त्यांचं ऊन आपल्या संध्याकाळी वापरायचं. आपल्याकडे उजाडतं तेव्हा तिकडे अंधार असतो, त्या वेळी आपल्या धरणांवरची वीज त्यांना द्यायची. शाळेतल्या पोरालाही हे पटेल. मोठ्या माणसांना पटायला कित्येक वर्षं लागली.

त्या सगळ्या बैठकांत सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, तशाच काचेच्या खोलीत, एक गृहस्थ बसायचे. त्यांचे लोक बोलले की मी ते आपल्या भाषेत आणायचे. आपले लोक बोलले की हे गृहस्थ ते तिकडच्या भाषेत न्यायचे. आपले लोक बोलत असताना मला खरं तर विश्रांती असायची. कॉफी प्यावी, घसा शेकावा. पण हळूहळू मला त्यांचं भाषांतर ऐकत बसायची सवय लागली. आपले सचिव फार रुक्ष बोलतात, तरी या माणसाच्या आवाजातून गेल्यावर त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटायचं. माझी बूथमधली जोडीदारीण म्हणायची, तुझी सुट्टीची पाळी असली तरी तुझे कान कामावरच असतात. मी म्हणायचे, त्यांचं व्याकरण तपासतेय. त्यांना मी ‘पलीकडचे’ म्हणते. चारचौघांत नुसतं ‘ते’ म्हणायला जीभ अडखळते. बायका ‘ते’ कुणाला म्हणतात हे तुला सांगायला नको.

शेवटच्या बैठकीत सगळं मोडता मोडता वाचलं, हे पेपरात आलेलं नाही. वाद टंचाईच्या कलमाचा होता. वाळूचं वादळ आलं, पॅनलवर धूळ बसली, वीज कमी पडली, तर आधी कुणाची कापायची? त्यांच्या कितीतरी गावांत अजून पुरते दिवे नाहीत. त्या गावांवरूनच आपल्याकडे येणारी वाहिनी जाणार. त्यांच्या प्रमुख बाई स्वतः इंजिनिअर आहेत, कमी बोलतात. त्या म्हणाल्या, आमच्या गावांचं भागवून जे अमुक असेल, ते तुमचं. ‘अमुक’च्या जागी त्यांचा जो शब्द होता, तो मोठा लबाड आहे. त्यांच्या भाषेत तो उरलेल्यालाही चालतो आणि कुणासाठी बाजूला काढून ठेवलेल्यालाही चालतो. मी क्षणभरही न थांबता म्हटलं, ‘जे उरेल ते.’ आपल्या सचिवांनी पेन खाली ठेवलं. ‘अर्धे टॉवर आमच्या पैशातून उभे राहिलेत. उरलंसुरलं घ्यायला आम्ही इथे आलेलो नाही,’ म्हणाले, आणि उठून गेले. त्यांच्यामागे आपली सगळी रांग उठली.

मी हेडफोन काढून बसले होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पलीकडचे. एका दुभाष्याने दुसऱ्याच्या खोलीत जायचं नसतं, तरी आले. रागावलेले वगैरे नव्हते. आपल्या भाषेत, एकेक शब्द टेकत टेकत म्हणाले, ‘बाई, माझी आई मला शाळेतून यायला उशीर झाला की माझं ताट झाकून ठेवायची. स्वतः जेवायच्या आधी. ते उरलेलं होतं का?’ मी म्हटलं, नाही, ते राखलेलं. ते म्हणाले, ‘तोच शब्द आहे.’ आणि निघून गेले.

सभा पुन्हा भरल्यावर मी परवानगी मागून म्हटलं, दुभाषी एक दुरुस्ती करू इच्छिते, शब्द ‘उरलेला’ असा नसून ‘राखीव’ असा घ्यावा. अध्यक्षांनी प्रमुख बाईंना विचारलं, तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? आणि टिल्ल्या, त्या बाईंनी आधी माझ्या काचेकडे पाहिलं, मग पलीकडच्या काचेकडे. मग म्हणाल्या, ‘हो. राखीव.’ पुढे सगळं भराभर झालं. वादळात दोघांचीही सारखीच कपात होईल, पण आपला राखीव वाटा शून्यावर जाणार नाही, असं कलम झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र अजून समजलेलं नाही. त्यांना खरंच राखलेलं म्हणायचं होतं, की आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या तोंडी बरा शब्द घातला आणि त्यांनी तो घेतला? मी भाषांतर केलं की करार केला? पलीकडच्यांना विचारलं तर नुसते हसले. ते हसणं ‘हो’ होतं की ‘नाही’, तेही मला कळेना.

मग चाचणीचा दिवस आला. केबल समुद्रातून जिथे वर येते त्या किनाऱ्यावरच्या केंद्रात सगळ्यांना नेलं. फोटोसाठी एका टेबलावर दिवा ठेवला होता. पडद्यावर आकडा चढायला लागला, एक धट्टाकट्टा इंजिनिअर मुसमुसून रडला, आणि दिवा लागला. दिवा लागतो तसाच लागला. आपले सचिव म्हणाले, ‘एवढंच?’ हे मी भाषांतरात घेतलं नाही. इतक्या लांबचं ऊन, माणसांनी भांडत भांडत हातोहात इथवर आणलेलं. तुझे बाबा असते तर त्यांनी दिव्याजवळ जाऊन आधी वायर कुठे जाते ते पाहिलं असतं.

जेवणं झाल्यावर पलीकडचे आणि मी बाहेर फेरी मारत होतो. मोठमोठे ट्रान्सफॉर्मर एकसारखे घूं घूं करत होते, त्यामुळे मी नीट ऐकलं की नाही याचीही खात्री नाही. ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘आता काम संपलं. तुम्ही आमच्याकडे या. कायमच्या.’

आता तूच सांग, या वाक्याचं काय करायचं? ‘आमच्याकडे’ म्हणजे आमच्या देशात, आमच्या ऑफिसात की आमच्या घरी? चारही देशांचं मिळून एक कार्यालय त्यांच्या शहरात उघडतंय, तिथे दुभाषे लागणार आहेत, आणि ती नोकरी कायमची आहे. हे झालं एक. त्यांची बायको जाऊन खूप वर्षं झाली, मुलगी लांब असते, घरात ते एकटेच असतात. हे झालं दुसरं. आपल्या भाषेत ते कधी कधी चुकतात, पण इतकी अचूक चूक कुणी करतं का? मी समोरच्या कुंपणाकडे बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या बसचा हॉर्न वाजला, ड्रायव्हर हात हलवायला लागला, आणि मी म्हटलं, ‘येते.’

बस, एवढंच. आपण निघताना म्हणतो तेच ‘येते’. मला निरोप घ्यायचा होता की होकार द्यायचा होता, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतेय. त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि बसमध्ये चढताना त्यांची पायरी चुकली. परवा त्यांचा निरोप आला, ‘तुमच्या खोलीला कोणता रंग द्यायला सांगू?’ जोडीदारणीला दाखवला तर ती हसून हसून लाल झाली. म्हणाली, ऑफिसच्या भिंतींना रंग विचारून देतात असं मी तरी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, तिकडे देत असतील. तुझ्या बाबांशी याचा काही संबंध नाही, हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. संबंध असेलही. बाबांशी बोलताना मला कधी शब्द निवडावे लागले नाहीत. ते गेल्यावर मी फक्त कामापुरतं बोलत आले. या माणसापुढे मी पुन्हा शब्द शोधायला लागले, चुकायला लागले, आणि चुकताना मला बरं वाटतं. याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

हे सगळं लिहायचं कारण आता सांगते. गेल्या रविवारी तू म्हणालास, आई, आता ते घर बंद कर, बाळ यायच्या आत इथे राहायला ये, वरची खोली तुझ्यासाठीच रिकामी ठेवली आहे. सूनबाईनेही फोन घेऊन तेच सांगितलं, फार मायेने सांगितलं. मी ‘बघू’ म्हटलं आणि फोन ठेवला. राजा, तुझ्या बोलण्यात कुठेही दोन अर्थ नव्हते, आणि तरीही मला त्याला ‘हो’ म्हणता आलं नाही. बाळाच्या वेळी मी येईन, सव्वा महिना राहीन, दुपटी धुवीन, रात्री जागीन. मग मात्र मी तिकडे जाणार आहे. विमानातून उतरल्याबरोबर त्यांना विचारणार आहे, नोकरी की घर, आणि सरळ शब्दांत सांगा म्हणणार आहे. ते काय उत्तर देतील मला खरंच ठाऊक नाही. यातलं काहीही निघालं तरी मी तिथे राहणार, एवढंच पक्कं झालंय. तुला राग आला तर फोन कर. नाही आला तरी कर. यावेळी मी आधी ठेवणार नाही. आणि वरच्या खोलीला ऊन चांगलं येतं, ती बाळाला द्या.

गोंधळलेली, तरी तुझीच,
आई