लाल मार्चला टाळ्या

३ जुलै
आज संध्याकाळी चौकात, सगळ्यांच्या देखत, मी विरोधी क्लबच्या लाल बँडला टाळ्या वाजवल्या. संपलं! निळ्या क्लबचा मी, लोन्झू, आजपासून निळ्यांचा राहिलो नाही.

खरं तर टाळ्या बँडला नव्हत्याच. क्लॅरिनेटवाल्यांत मार्तेझ होती. तिनं वर पाहिलं, आणि माझे हात उठले. पण हे कुणाला पटणार?  आमच्या क्लबच्या पायरीवरून एकजण म्हणाला, "नार्दूच्या पोराला ऊन लागलं वाटतं."

४ जुलै
बाबा बोलत नाहीत. आई दोघांच्या वाटचं बोलते.
"कॉलेज अर्धवट सोडलंस, ते आम्ही गिळलं. आता संतालाही सोडणार?"
"संताला नाही गं, क्लबला."
"या गावात ते वेगळं कधी होतं?"

एवढंसं गाव, चर्च एक — आणि संत दोन, बँड दोन, दारू प्यायच्या जागाही दोन! इंग्रज माल्टा सोडून गेले, आमची ही लढाई काही जात नाही. चिडून बसमध्ये बसावं, तर राग ओसरायच्या आत समुद्र लागतो.

७ जुलै
बाबा बोलले. यंदा मिरवणुकीत संताच्या मूर्तीला खांदा द्यायला मला घेणार होते. त्यांच्या शेजारी, आजोबांच्या जागी. त्या जागेसाठी ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेले गावकरी विमानानं येतात. अट एकच — चौकात आपल्या मार्चला तेवढ्याच जोरात टाळ्या वाजवायच्या, "आणि त्या पोरीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

म्हटलं, "जागा दुसऱ्याला द्या."

बाबा किती तरी वेळ पावावर टोमॅटो चोळत राहिले.

१२ जुलै
निळ्यांचा सण. घरातच बसलो. खिडकीतून डोकावलो नाही. बरं, एकदाच.

जागा कुणालाच दिली नव्हती. मूर्तीच्या दांड्याचं ते टोक बाबा एकटेच पेलत होते.

मी माघार घेणार नाही.

१५ जुलै
मार्तेझच्या वडिलांनी लाल क्लबात बोलावलं. तेच, चेन्सूकाका, तिथले अध्यक्ष. "या, जावईबापू!" सगळे हसले. मीही. "रविवारी आमचा सण. सकाळच्या मिरवणुकीत तू आमच्यात. मग लग्नाचं बोलायला मी स्वतः तुझ्या बापाकडे जातो."

टेबलाखाली मार्तेझनं माझा पाय दाबला. जिंकलो!

१८ जुलै
लाल क्लबात आज ठरलं — उद्या मिरवणूक आमच्या घराच्या बाल्कनीखाली थांबणार. बाबा वर असतील. मी पुढे होऊन म्हणायचं —
"नार्दूचा पोरगा निळ्याला विटला,
म्हातारा एकटाच वाकून दमला."

"सणाची थट्टा रे," चेन्सूकाका म्हणाले. "तुमचे नाही करत?"
करतात.
"रचलं कुणी?" मी विचारलं.
मार्तेझनं हात वर केला. हसत. "जमलंय ना?"
"जमलंय," म्हटलं. भरलेला ग्लास तसाच ठेवला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.